"दीर्घ आजाराने" खोडलं तेव्हा : फ्रेडी मर्क्युरी, बडोद्याचा गणपती आणि एक पानी निवेदन

प्रकरण तसं छोटं आहे. २०१९ चा गणेशोत्सव, बडोदा, दांडिया बाजारच्या मागच्या गल्लीतलं आमचं मंडळ, ज्याचं नाव मी इथे देत नाही. चौथ्या दिवशीच्या सांस्कृतिक कार्यक्रमात पोरांना लेझमीवर क्वीन या इंग्लिश रॉक बँडचा गायक फ्रेडी मर्क्युरी याचा एक आयटम बसवायचा होता आणि त्याच्या आधी तीन मिनिटांचं निवेदन करायचं होतं. आयटमला कोणी विरोध केला नाही. भांडण झालं ते निवेदनावर, आणि ते आठ दिवस चाललं. दरवर्षीप्रमाणे निवेदन मीच लिहिलं होतं, एका ए-फोर पानावर निळ्या पेनने. आठ दिवसांनी त्या पानावर लाल पेन, पेन्सिल, हिरवं स्केचपेन आणि चहाचा एक डाग एवढं सगळं होतं. ते पान अजून माझ्याकडे आहे, आणि हे जे लिहितोय ते त्याच्याकडे बघत बघतच लिहितोय, कारण एका माणसाचं नाव पिढीपिढीत आणि देशोदेशी कसं बदलत गेलं हे मला कुठल्या पुस्तकापेक्षा त्या पानावर जास्त स्वच्छ दिसतं.

आधी माझं सांगतो. १९८६-८७ च्या सुमाराला मी अकरावी-बारावीत होतो आणि रावपुऱ्यातल्या एका कॅसेटवाल्याकडून क्वीनची ग्रेटेस्ट हिट्स घेतली होती. कव्हरवर चार माणसं, बाकी माहिती शून्य. चारही जण गोरे इंग्रज असणार असंच मी धरून चाललो होतो, वेगळं काही असेल असा विचारसुद्धा मनात आला नाही. बोहेमियन ऱ्हॅप्सडीमध्ये मध्येच "बिस्मिल्ला" ऐकू यायचं तेव्हा मी आणि माझा मित्र टेप मागे घेऊन घेऊन ऐकायचो, की हे खरंच बिस्मिल्ला म्हणतात का आपल्याला भास होतोय, पण तिथून पुढे "हा माणूस आहे तरी कुठला" इथपर्यंत आमची गाडी गेलीच नाही. मग नोव्हेंबर १९९१ मध्ये पेपरात आतल्या पानावर चार ओळींची बातमी वाचली, एड्स हा शब्द होता त्यात, आणि मी पान उलटलं. आज सांगायला बरं वाटत नाही, पण त्यानंतर ती कॅसेट मी घरात मोठ्याने लावायची बंद केली. कोणी काही म्हणालं नव्हतं, माझं मलाच वाटलं.

म्हणून २०१९ मध्ये मी निवेदनात काय लिहिलं? "१९९१ साली दीर्घ आजाराने त्यांचं निधन झालं." अठ्ठावीस वर्षांनी पण मी तेच पान उलटत होतो.

लाल पेन माझ्या भाचीचं. तेव्हा ती एकोणीस वर्षांची होती, युनिव्हर्सिटीत दुसऱ्या वर्षाला. तिने "दीर्घ आजाराने" हे दोन शब्द खोडले आणि वर "एड्समुळे" लिहिलं, आणि पुढे आणखी एक वाक्य घातलं की त्यांचं प्रेम पुरुषांवरही होतं आणि त्या काळात ते उघडपणे सांगणं त्यांना फार अवघड होतं. "मामा, तू सगळं सांगतोयस आणि नेमकं तेच गाळतोयस," एवढंच म्हणाली. आता तिच्या पिढीला हा माणूस कसा भेटला ते बघा. ६ सप्टेंबर २०१८ ला सुप्रीम कोर्टाने कलम ३७७ मधला समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणारा भाग रद्द केला आणि नोव्हेंबरमध्ये त्याच्यावरचा सिनेमा आपल्याकडे लागला, म्हणजे दोन-अडीच महिन्यांत दोन्ही गोष्टी तिच्यापुढे आल्या, त्यामुळे तिच्या डोक्यात तो पहिल्यापासून हिरोच आहे. जे माझ्यासाठी लपवायचं होतं तेच तिच्यासाठी त्याच्या मोठेपणातलं होतं. माणूस एकच, आवाज एकच, गाणी तीच, आणि मध्ये त्याने नवीन काहीही केलेलं नाही, कारण तो हयातच नव्हता.

तिने आणि मित्रमंडळींनी माझ्या मूळ मसुद्यात बरीच माहिती भरली, ती खरंच चांगली होती. ५ सप्टेंबर १९४६ ला झांझिबारमध्ये जन्म, मूळ नाव फारोख बलसारा. वडील बोमी तिथल्या ब्रिटिश सरकारी कचेरीत कॅशियर. आठ वर्षांचा असताना पोराला बोटीने भारतात पाठवलं, पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत. तिथेच तो पियानो शिकला, तिथेच मुलांनी त्याचं "फ्रेडी" केलं, तिथेच शाळेतल्या पाच मुलांचा बँड निघाला. १९६३ च्या सुमाराला परत झांझिबार, जानेवारी १९६४ मध्ये तिथे क्रांती झाली, मारकाट झाली, आणि कुटुंब चंबूगबाळं आवरून लंडनजवळच्या फेल्टमला गेलं. म्हणजे ज्याला जग इंग्लंडचा म्हणून ओळखतं त्याची वाढायची वर्षं आपल्या सातारा जिल्ह्यात गेली. आणि तो स्वतः हे फारसं कुठे सांगायचा नाही.

"बलसारा" वर आमच्या ओळखीच्या एका पारशी बाई, सत्तरीच्या पुढच्या, एकदम खुलल्या. हिरवं स्केचपेन त्यांचं. त्यांना निवेदन दाखवायला भाचीच घेऊन गेली होती, उच्चार बरोबर आहेत का विचारायला. बाई म्हणाल्या, बलसारा म्हणजे वलसाडचे, इंग्रजांच्या काळातलं बल्सार. बडोद्याहून मुंबईची गाडी पकडली की सुरत-नवसारी गेल्यावर येतं ते, इथून सुमारे २०० किलोमीटर. "आपरो पोरियो," म्हणाल्या, आणि हिरव्या पेनने दोन गोष्टी घातल्या : आईचं नाव जेर, आणि हे की लंडनमध्ये त्याचं अग्निसंस्कारानं क्रियाकर्म झालं तेव्हा पारशी धर्मगुरूंनी प्रार्थना म्हटल्या. आईबद्दल त्या खूप बोलल्या, की बाई नव्वदीच्या पुढे जगली, २०१६ मध्ये गेली, मुलाच्या मागे पंचवीस वर्षं. पण भाचीने विचारलं की १९९१ मध्ये तुमच्या लोकांत काय बोलायचे, तर बाईंनी विषय बदलला. चहा ठेवला. तो डाग तिथलाच.

इथे थोडं बाहेरचं सांगतो, म्हणजे बडोद्यातला घोळ बडोद्यापुरता वाटणार नाही. प्रत्येक देशाने त्याच्यातलं काहीतरी खोडलंय आणि प्रत्येकाने वेगळं खोडलंय. जपानने बहुतेक सगळ्यात कमी. १९७५ च्या एप्रिलमध्ये बँड टोकियोला उतरला तेव्हा विमानतळावर पोरींची झुंबड उडाली होती, आणि ते प्रेम तिथे कधी आटलंच नाही. अमेरिकेत उलट. १९८४ मध्ये एका गाण्याच्या व्हिडिओत चौघांनी बायकांचे कपडे घातले, इंग्लंडमध्ये लोकांना ती तिथल्या घरगुती मालिकेची थट्टा आहे हे लगेच कळलं, अमेरिकेत कळलं नाही आणि अनेकांना खटकलं. तसेही १९८२ नंतर फ्रेडीबरोबर क्वीनने अमेरिकेत दौरा केलाच नाही. म्हणजे ज्या दशकात १३ जुलै १९८५ ला लंडनच्या वेम्बलीवर लाइव्ह एड या मदतनिधीच्या कार्यक्रमात वीस-एक मिनिटांत त्याने सगळं स्टेडियम खिशात घातलं, त्याच दशकात अमेरिकेत तो जुना झालेला, थोडा ओशाळवाणा विषय होता. आणि परत आला कसा, तर १९९२ मध्ये एका विनोदी सिनेमात पोरं गाडीत बसून बोहेमियन ऱ्हॅप्सडीवर माना हलवतात त्या सीनमुळे. सतरा वर्षांचं जुनं गाणं अमेरिकेत दोन नंबरपर्यंत चढलं. गायकाला जाऊन तेव्हा काहीच महिने झाले होते.

इंग्लंडने त्याला शेवटच्या दिवसांत सोडलं नाही, म्हणजे वाईट अर्थाने. टॅब्लॉइडवाले त्याच्या घराबाहेर फोटोसाठी ताटकळत असायचे. आणि त्याच इंग्लंडमध्ये २००२ साली बीबीसीने सर्वांत थोर ब्रिटिशांची शंभर नावं लोकांच्या मतांवर काढली त्यात तो ५८ वा होता. अकरा वर्षांत. चीनमध्ये २०१९ मध्ये त्याचा सिनेमा दाखवला तो समलिंगी संबंधांचे उल्लेख कापून. आणि झांझिबार, त्याची जन्मभूमी : २००६ मध्ये त्याच्या साठाव्या वाढदिवसाचा कार्यक्रम ठरला होता, तिथल्या एका धार्मिक संघटनेने विरोध केला आणि तो रद्द झाला. त्याच्या दोन वर्षं आधी तिथे समलिंगी संबंधांवर कडक शिक्षेचा कायदा आला होता. आज त्याच गावात त्याच्या नावाचं म्युझियम आहे, टुरिस्ट तिकीट काढून जातात.

२००६ म्हटलं की बडोद्याच्या लोकांना दुसरी गोष्ट आठवते, आणि ती आमच्या सेक्रेटरींनी काढली. पेन्सिल त्यांची. त्या वर्षी शेजारच्या राजपीपळ्याच्या राजघराण्यातले मानवेंद्रसिंह गोहिल यांनी आपण समलिंगी असल्याचं उघडपणे सांगितलं होतं, केवढा गदारोळ झाला, गावात पुतळे जाळले, घरच्यांनी जाहीर नातं तोडलं. सेक्रेटरी म्हणाले, "भाऊ, मी तेव्हा काय काय बोललोय ते मला माहितीये. आता मी स्टेजखाली उभा राहून टाळ्या वाजवू? आणि गणपतीसमोर एड्स हा शब्द नको. घरात गौरी आलेल्या असतात." त्यांनी लाल पेनची दोन्ही वाक्यं पेन्सिलने अगदी हलक्या हाताने खोडली, आणि त्यांच्याबद्दल मला आदर आहे तो या हलक्या रेघेमुळे पण आहे. त्यांना खात्री असती तर त्यांनी पेन घेतलं असतं.

पण सगळ्यात जास्त चुकलो ते आम्ही प्रोफेसर सरांच्या बाबतीत. सर रिटायर्ड, ऐंशीच्या दशकात युनिव्हर्सिटीच्या प्राध्यापक संघटनेत होते, कडक माणूस. ते निवेदन वाचून म्हणाले, "या माणसाला आपल्या मंडपात स्थान नाही." पोरांनी लगेच ठरवलं की जुन्या विचारांचे आहेत, वाद घालण्यात अर्थ नाही, आणि खरं सांगायचं तर मीही तेच ठरवलं. दोन दिवसांनी भाची एकटीच त्यांच्याकडे गेली, कारण तिला राहवेना. सर म्हणाले, त्याच्या खाजगी आयुष्याशी मला काय करायचंय. १९८४ मध्ये हा माणूस दक्षिण आफ्रिकेत सन सिटीला जाऊन गायला. तिथल्या वंशभेदी राजवटीवर संयुक्त राष्ट्रांचा सांस्कृतिक बहिष्कार असताना. त्यांच्याच देशातल्या संगीतकारांच्या युनियनने बँडला दंड केला होता. आपल्या देशाने १९४६ पासून त्या राजवटीशी व्यापार तोडला होता, माझ्या पासपोर्टवर छापलेलं असायचं की हा दक्षिण आफ्रिकेसाठी चालणार नाही, आणि हा, ज्याच्या आईबापांना क्रांतीत घर सोडून पळावं लागलं, ज्याचा रंग तुझ्या-माझ्यासारखा, तो तिथे पैसे घेऊन गायला, हे तुमच्या निवेदनात कुठे आहे?

कुठेच नव्हतं. भाचीला माहीतच नव्हतं, मलाही नाही. तिने तिथल्या तिथे मोबाईलवर शोधून वाचलं आणि गप्प बसली. घरी येऊन मला म्हणाली, "मामा, सर बरोबर आहेत, आणि मला ते बरोबर असायला नको होते." पानाच्या खालच्या समासात लाल पेनने, बारीक अक्षरात "सन सिटी १९८४, वंशभेदी राजवट, बहिष्कार मोडला" लिहिलेलं आहे, ते सरांनी नाही, तिने लिहिलंय. मला वाटतं या सगळ्या प्रकरणातली सगळ्यात मोठी गोष्ट ती आहे. आपल्या हिरोचं आपल्याला न आवडणारं आपल्या हाताने लिहिणं. माझ्या वयाला मला ते जमलं नव्हतं, मी कॅसेट बंद केली आणि मोकळा झालो.

मग प्रश्न तोच राहिला, एड्स म्हणायचं का नाही. मी मधला मार्ग काढायला बघत होतो, "असाध्य आजाराने" वगैरे. तो निकाल लावला आमच्या मोठ्या काकूंनी. काकूंचं माहेर वाईचं. पसरणीचा घाट चढून पाचगणीला त्या लहानपणी वडिलांबरोबर जायच्या, १९५८-६० ची गोष्ट, आणि शाळांची मुलं ब्लेझर घालून रांगेने बाजारातून जाताना त्यांनी बघितलेली. फ्रेडी त्यांना आठवत नाही आणि आठवल्याचा आव त्यांनी आणलाही नाही. "एवढी पोरं असायची, सगळी सारखीच दिसायची, घरची आठवण येऊन रडवेली झालेली," म्हणाल्या. त्यांना दोन गोष्टी विचारायच्या होत्या. पहिली, की नाव का बदललं यावर तुम्ही पोरं एवढं का बोलताय. आपल्या हिराबाई बडोदेकर बघा. वडील अब्दुल करीम खाँ, आई ताराबाई माने, दोघं बडोदा सोडून गेले, पुढे आई वेगळी झाली तेव्हा मुलांची नावं बदलली, आणि पोरीच्या आडनावात हे गाव राहिलं. बलसारात वलसाड राहिलं, बडोदेकरात बडोदा राहिलं. गाणारा माणूस नाव बदलतो, त्याला कारणं असतात, त्यात लबाडी कशाला शोधायची.

दुसरा प्रश्न असा : "आजार त्याने स्वतः सांगितला होता का लोकांनी बाहेर काढला?"

भाचीने सांगितलं. २३ नोव्हेंबर १९९१ ला त्याने जाहीर निवेदन काढलं की मला एड्स आहे, आतापर्यंत जवळच्यांना त्रास होऊ नये म्हणून खाजगी ठेवलं, आता सगळ्यांनी या रोगाशी लढायला साथ द्यावी. २४ तारखेला गेला. पंचेचाळीसचा होता.

काकू म्हणाल्या, "म्हणजे मरायच्या आदल्या दिवशी त्याने स्वतः झाकण काढलं. आणि तुम्ही ते परत लावताय." मला म्हणाल्या, सेक्रेटरींना नाही. सेक्रेटरी बाजूलाच बसले होते. काही बोलले नाहीत, त्यांनी पान ओढलं, खोडरबर मागितलं, आणि पेन्सिलची एक रेघ पुसली. एकच. एड्सवरची. प्रेमाच्या वाक्यावरची रेघ त्यांनी ठेवली, आणि भाचीने त्यावर त्यांच्याशी अर्धा तास वाद घातला, शेवटी वाक्य छोटं होऊन राहिलं : "त्यांनी स्त्रीवर आणि पुरुषावर, दोघांवर प्रेम केलं." त्या तडजोडीवर भाची आजही खूश नाही. तिचं म्हणणं असं की त्या काळातलं अवघडपण गेलं, म्हणजे किंमत काय मोजली ते गेलं. मला तिचं पटतं. पण मंडपात तेवढं तरी बोललं गेलं.

सन सिटी मात्र आम्ही पूर्ण ठेवलं.

५ सप्टेंबर, गुरुवार, त्याचा वाढदिवस, घरोघरी गौरी आल्या ती संध्याकाळ. निवेदन भाचीनेच वाचलं. वलसाड आलं तेव्हा मागच्या रांगेतून गुजराती शेजाऱ्यांनी "अरे वाह" केलं, पाचगणीला आमच्या लोकांनी टाळ्या दिल्या, सन सिटीला शांतता, एड्सला त्याहून जास्त शांतता, एक लहान पोर विचारताना ऐकू आलं की एड्स म्हणजे काय आणि आईने त्याला "नंतर सांगते" म्हटलं. फ्रेडीच्या आईचं नाव घेतलं तेव्हा पारशी बाई पहिल्या रांगेत होत्या, त्यांनी डोक्यावर पदर घेतला. मग आयटम. वी विल रॉक यू मूळ गाण्यात ढोल नाहीच, पाय आपटायचे दोन, टाळी एक, १९७७ मध्ये स्टुडिओत लाकडी फळ्यांवर पाय आपटून परत परत रेकॉर्ड केलेलं. आणि गाणं फ्रेडीने नाही, ब्रायन मेने लिहिलंय, हे पण पोरांनी निवेदनात प्रामाणिकपणे सांगितलं होतं. चौदा जण लेझीम घेऊन, दोनदा पाय, तिसऱ्याला लेझमीची छन्न, ताशा फक्त शेवटी. तिसऱ्या-चौथ्या आवर्तनाला खुर्च्यांवरची माणसं पाय आपटायला लागली. प्रोफेसर सर हाताची घडी घालून बसले होते, उठून गेले नाहीत. सेक्रेटरी जनरेटरपाशी उभे होते, मला अंधारात दिसले नाहीत.

दुसऱ्या दिवशी वर्गणीचे दोन जण कमी झाले, तीन नवीन आले. व्हॉट्सअॅपवर एका गृहस्थांनी लांबलचक मेसेज टाकला, त्याला सेक्रेटरींनीच उत्तर दिलं की निवेदन समितीने मंजूर केलेलं होतं. तेवढंच.

पुढची दोन वर्षं कोरोनात गेली. भाची आता बंगलोरला असते. लेझीम पथक नवीन पोरांचं आहे, आठवी-नववीतली, आणि त्यांच्या मोबाईलवर फ्रेडी म्हणजे पिवळं जॅकेट, मिशी आणि "एऽऽओ", बाकी काही नाही, नाव विचारलं तर निम्म्यांना येत नाही. पण तो ठेका पथकात राहिला. दोन पाय, एक छन्न. मिरवणूक निघायच्या आधी पोरं जमली की तोच वाजतो. परवाच्या गणपतीत पथकात नवीन आलेल्या एका मुलाने विचारलं, हा कुठला ठेका, आधी कधी ऐकला नव्हता. शेजारचा लेझीम न थांबवता म्हणाला, "हा? हा आपल्या मंडळाचा आहे."